एकदा ठरव, मग बदलू नको

बाबू,

तुझे रात्रीचे मेसेज सकाळी दुकान उघडल्यावर वाचले. फॉन्ट कोणता, पीडीएफ की वर्ड, वऱ्हाडी ठेवू की प्रमाण करू, मुखपृष्ठावर बागेचा फोटो टाकू का, सगळं एका दमात. कादंबरीची फाइलही चाळली. 'लिहीत राहा' वगैरे मी म्हणणार नाही. तू लिहिल्याशिवाय राहणार नाहीस हे मला दिसतंय.

मला खटकलं ते वेगळंच. 'का' विचारताना तुझी कादंबरीतली आजी पहिल्या प्रकरणात 'काहून' म्हणते, तिसऱ्यात 'काऊन', आणि बागेला पाणी सोडून ताण तोडायचा प्रसंग आहे तिथं 'कावून'. म्हातारी एक, तोंड एक, शब्द तीन. एका पानावर 'मले', त्याच पानाच्या तळाशी 'मला'. एकदा ठरव ना लेका! काय ठरवायचं ते तुझं तू ठरव, पण एकदाच ठरव आणि शेवटच्या पानापर्यंत पाळ.

तू म्हणशील, बोलताना माणूस असाच बोलतो. बोलतो, मान्य. पण कागदावर ते तू मुद्दाम केलेलं दिसलं पाहिजे. तिकडे पुण्या-मुंबईत टेबलाशी बसलेल्या संपादकाला वऱ्हाडी येत असेल-नसेल. एका शब्दाची तीन रूपं दिसली की त्याला ती आजीची लकब वाटत नाही, तुझा आळस वाटतो. मग तो 'डोया', 'शाया', 'जवय' यांनाही चुका समजतो आणि सगळीकडे 'ळ' लावत सुटतो. त्याला दोष कशाचा द्यायचा? लाल पेन आपणच त्याच्या हातात दिलेला असतो.

वऱ्हाडी प्रमाण करू का, हा प्रश्न तर मला विचारूच नको. शुद्धलेखनाची एवढी भीती वाटत असेल तर मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकदा शांतपणे वाच. १९६२ साली चौदा झाले, १९७२ मध्ये आणखी चार. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला त्यांतही मोकळीक आहे. निवेदनाचं मात्र तुला ठरवावं लागेल. 'केले, गेले' लिहिणार की 'केलं, गेलं'? दोन्ही चालतं असं नाही. एक धर. तुझे बाबा संत्र्याचा आंबिया बहार धरला तर मृग बहार सोडतात. दोन्ही धरले की झाड खचतं. संत्र्याच्या घरातल्या पोराला हे मी शिकवू?

एक वही कर. डावीकडे शब्द, उजवीकडे तो कोणाच्या तोंडचा. आजी: डोया, काया, काहून. शिकलेला नातू घरी 'मले' म्हणतो आणि अमरावतीच्या होस्टेलवर 'मला', हा फरक तुला खरंच हवा असेल तर तोही वहीत लिही. (हवाच. तुझ्या कादंबरीतली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि तीच सध्या चुकीसारखी दिसतेय.) वही पूर्ण झाली की तिची एक पानी यादी संहितेला जोड. मुद्रितशोधन करणाऱ्याला तुझं मन वाचता येत नाही, यादी वाचता येते.

आता टायपिंग. अर्धी कादंबरी तू कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलीस आणि उरलेली मोबाइलवर बोलून उतरवलीस. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असते, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर उतरतं त्या पद्धतीत, ती अक्षरानंतर येते. एकातून दुसऱ्यात नेणारा कन्व्हर्टर जोडाक्षरापाशी गडबडतो, म्हणून तुझ्या फाइलीत 'स्थिती'ची वेलांटी मधल्यामध्ये लटकलीय. शिवाय समोरच्याच्या कॉम्प्युटरवर कृतिदेव नसेल तर त्याला मराठी दिसणारच नाही, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. सगळं युनिकोडमध्ये आण आणि डोळ्यांनी ओळ न् ओळ तपास. यंत्रावर सोडू नको.

आणखी एक बारीक भानगड आहे. 'वऱ्हाड'मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत वेगळा, खाली टिंब असलेला 'ऱ' असतो. दुसरीत साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि पाठोपाठ न दिसणारं एक चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवताना ते न दिसणारं चिन्ह कधी कधी गळतं आणि 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' होतं. तुझ्या फाइलीत झालंय, बघ. 'ॲ'चं तेच, एकसंध अक्षर वेगळं, आणि 'अ'वर चंद्र ठेवलेलं वेगळं. 'फाइंड'मध्ये एक शोधलंस तर दुसरं सापडत नाही. म्हणून इथंही तेच: एक रूप ठरव आणि दुसरं शोधून शोधून बदल.

बाकीचं सोपं आहे. ए-फोर कागद, चारही बाजूंना इंचभर समास, दीडपट ओळी, साधा फॉन्ट, खाली पानाचा आकडा. नवं प्रकरण नव्या पानावर, पण एंटर दाबत दाबत नाही, पेज ब्रेक दे. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या. सारांशात शेवट सांगून टाक, 'पुढे काय होते ते वाचा' असलं काही नको. आणि ज्याच्याकडे पाठवतोस तो काय मागतो ते आधी बघ. कोणी वर्ड फाइल मागतो, कोणी छापील प्रत पोस्टानं. तो मागेल ते दे, माझं ऐकू नको.

तुझ्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'फायनल खरी' अशा फाइली आहेत. आपल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, पुढे नकलांवर नकला झाल्या आणि पाठभेद पडले. ते हातानं लिहीत होते, त्यांना माफ आहे. तुझ्याकडे एक लॅपटॉप आहे. नावात तारीख टाक, जुन्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ढकल.

माझ्या कादंबरीचं तुला कोणीतरी सांगितलेलं दिसतं, म्हणून विचारतोस की 'हट्ट केला तर छापतील का'. ऐक मग. एका मोठ्या प्रकाशकाला ती आवडली होती. प्रुफं आली तेव्हा अर्ध्या पुस्तकात 'मले'चं 'मला' झालेलं होतं आणि अर्ध्यात नाही. मी यादी जोडली होती, तरी. मी कळवलं, सगळं परत करा, नाहीतर छापू नका. त्यांनी नाही छापलं. ज्या संपादकाला पुस्तक आवडलं होतं ते पुढे ती जागा सोडून गेले. इथले मित्र अजून म्हणतात, दोन शब्दांसाठी पुस्तक घालवलं. दोन शब्द नव्हते ते, माझ्या मायची भाषा होती. तळटिपांचं ते म्हणत होते ते कदाचित मान्य करता आलं असतं. प्रत्येक पानाखाली अर्थ दिला असता तर मी काही मरत नव्हतो. पण ते वेगळं. आजी एका पानावर वऱ्हाडी आणि दुसऱ्यावर पुणेरी, हे आजही मी छापू देणार नाही. माझी यादी निदान माझ्याजवळ आहे, मी काय ठरवलं होतं ते दाखवता येतं. तुला आज कोणी विचारलं, 'तुमचं नक्की कोणतं?', तर तू काय दाखवशील?

करार आला तर सही करण्याआधी मुदत बघ. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षं धरतात. आणि कोणी तुझ्याकडेच पैसे मागू लागला तर तो प्रकाशक नाही, छापखाना आहे. छापखाना वाईट नसतो, पण तसं समजून जा.

मुखपृष्ठाचा फोटो काढून टाक. ते काम त्यांचं. रविवारी दुकान बंद असतं, मी मागच्या खोलीत असतो. ये, पण वही भरून आण. पेनड्राइव्ह नंतर बघू.

तुझा,
काका