खटका खाचेतून सुटतो, तेव्हा दोष कुठे शोधावा?

प्रश्न : मी लालबागला राहतो. वाई तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे आणि ती धाकटा भाऊ पाहतो. आमच्या ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला खोली कमी-जास्त करणारी दोन चाके आहेत. ती वर-खाली करण्यासाठी हाताचा लांब दांडा असून त्याचा खटका दातेरी कमानीच्या खाचेत बसतो. गेल्या हंगामात सोयाबीन पेरताना हा खटका धक्क्यासरशी सुटत होता, त्यामुळे काही ओळी खोल गेल्या आणि उगवण विरळ झाली. नागदेवी स्ट्रीटवर याहून जाड तारेची स्प्रिंग मिळते. ती घेऊन गावी पाठवावी का?

उत्तर : कृपया पाठवू नये. आपल्या पत्रातील वर्णनावरून हा दोष स्प्रिंगचा वाटत नाही. जाड स्प्रिंग बसवल्यास तो काही दिवस झाकला जाईल आणि पुढे अधिक लवकर वाढेल. असे का, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण याच समजुतीने अनेक शेतकरी स्प्रिंगमागून स्प्रिंग बदलत राहतात.

ही रचना आपण मुंबईकर रोज पाहतो. मोटारीचा हँडब्रेक ओढताना जो कटकट आवाज येतो, तो दातेरी कमानीवरून सरकणाऱ्या खटक्याचाच असतो. रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनमधील उंच दांड्यांनाही मुठीजवळ दाबायची पट्टी असे, आणि ती दाबल्याशिवाय दांडा जागचा हलत नसे. आपल्या यंत्रातही मुठीजवळची पट्टी दाबली की सळई वर ओढली जाते, सळई खटका उचलते आणि दांडा मोकळा होतो. पट्टी सोडली की स्प्रिंग खटक्याला पुढच्या खाचेत ढकलते. स्प्रिंगचे काम इथेच संपते. त्यानंतर यंत्राचा भार खाचेची भिंत पेलते.

ही भिंत दांड्याच्या फिरण्याच्या दिशेला काटकोनात असेल, तर कितीही भार आला तरी तो खटक्याला भिंतीवर दाबतो. बाहेर ढकलत नाही. भिंत झिजून तिरपी झाली, की त्याच भाराचा काही भाग खटक्याला खाचेबाहेर लोटू लागतो. उतार थोडा असेपर्यंत घर्षण त्याला अडवून धरते. पोलादावर पोलाद कोरडे असताना घर्षणगुणांक, म्हणजे घर्षण किती धरून ठेवते ते सांगणारा आकडा, सुमारे ०.१५ धरला, तर हा सुरक्षित उतार साधारण साडेआठ अंशांपर्यंत जातो. तेलाने तो गुणांक ०.१० वर आला, तर मर्यादा साडेपाच-सहा अंशांवर येते. म्हणून खटका घट्ट बसावा यासाठी खाचेला मुद्दाम थोडा उतार देणारे कारागीरही तो पाच अंशांच्या आत ठेवतात.

आता एक अंदाजी हिशेब पाहू. चाकावरून दांड्याच्या आखूड बाजूवर ९० किलोचा भार येतो, ती बाजू १० सेंटीमीटर आहे आणि कमानीची त्रिज्या २० सेंटीमीटर आहे, असे धरू. मग खटक्यावर ४५ किलोचा भार येईल. झिजलेल्या भिंतीचा उतार ३० अंश झाला असेल, तर घर्षण वजा करूनही खटक्याला बाहेर लोटणारा जोर दहा किलोच्या आसपास राहतो, आणि चाक दगडावर किंवा बांधाच्या काठावर आदळले की तो क्षणभर कितीतरी वाढतो. हाताने सहज दाबता येईल अशी कोणतीही स्प्रिंग त्याच्यापुढे टिकणार नाही. उलट जाड स्प्रिंगमुळे पट्टी दाबणे अवघड होते, चालवणारा ती अर्धवट दाबून दांडा ओढतो आणि खटक्याचे टोक दात्यांच्या डोक्यांवरून घासत जाते. कोपरे गोल होतात ते याच घासण्याने.

मी कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ असताना आमचे उस्ताद खटका कधी नुसत्या डोळ्यांनी तपासत नसत. ते दिव्याची काजळी तेलाच्या थेंबात कालवून खाचेच्या भिंतींना बोटाने पातळ फासत, खटका बसवून दांड्यावर जोर देत आणि मग तो काढून उजेडात धरत. चांगल्या खटक्याच्या बाजूवर काळा ठसा पूर्ण रुंदीभर, खालपासून वरपर्यंत उमटे. बिघडलेल्या खटक्याच्या फक्त टोकाला दोन मिलिमीटरची काळी रेघ दिसे. सगळा भार त्या रेघेवर तोललेला होता, हे सांगायला मग शब्द लागत नसत. आपल्या भावाला हीच तपासणी करायला सांगावी. त्यापूर्वी यंत्र पूर्णपणे जमिनीवर टेकवून, ट्रॅक्टर बंद करून, दांड्यावर भार उरलेला नाही याची खात्री करून घ्यावी. भार असताना खटका उचलला तर दांडा उसळून हनुवटीवर किंवा मनगटावर बसतो.

ठसा फक्त टोकाला उमटला, तर लगेच नवा खटका करायला धावू नये. आधी खाचेचा तळ खिळ्याने खरवडून पाहावा. चिकणमाती तिथे वाळून दगडासारखी घट्ट बसते, आणि मग चांगला खटकाही निम्माच आत जातो. तळ स्वच्छ असेल तर सळईची लांबी तपासावी. कोणी नट जास्त आवळला असेल, तर पट्टी न दाबताही खटका किंचित उचललेला राहतो. पट्टीला मुठीजवळ थोडा मोकळा खेळ असलाच पाहिजे. ठसा एकाच कडेला उमटत असेल तर दांडा हाताने आडवा हलवून पाहावा. तो डुलत असेल, तर मुळाशी असलेला बुश, म्हणजे दांडा ज्या नळीत फिरतो ती नळी, झिजला आहे आणि खटका कमानीवर वाकडा बसतो आहे. हा बुश स्वस्त असतो, पण त्याच्याकडे शेवटी लक्ष जाते याचे मला नेहमी वाईट वाटते.

हे सर्व ठीक असूनही खटका सुटत असेल, तर मात्र त्याचे टोक आणि खाचेची भिंत झिजली आहे. खटका ईएन-८ या सुमारे ०.४ टक्के कार्बनच्या पोलादाचा करून, त्याला पाणी देऊन कडक करावे आणि मग पुन्हा थोडे तापवून त्याचा ठिसूळपणा काढून घ्यावा. कमानीचे गोल झालेले दाते वेल्डिंगने भरून कानशीने काटकोनात आणता येतात. नेहमी वापरात येणाऱ्या तीन-चार खाचाच बहुधा झिजलेल्या असतात, त्यामुळे हे काम वाटते तेवढे मोठे नसते. सोयाबीनचे बी तीन ते पाच सेंटीमीटर खोल पडावे लागते. आपल्या यंत्राच्या दात्यांमधील अंतर १२ मिलिमीटर असेल, तर वरच्या हिशेबातील १० आणि २० सेंटीमीटरच्या प्रमाणाने एका दात्याने चाक त्याच्या निम्मे, म्हणजे ६ मिलिमीटर सरकते. चार सेंटीमीटरवर लावलेला खटका तीन दाते सुटला, की बी जवळजवळ सहा सेंटीमीटरवर गेले असे समजावे. विरळ उगवणीचे कारण तेच असावे.

प्रश्न : वरील प्रकारच्या दांड्यात एका दात्याचे अंतर मला जास्त वाटते. दाते बारीक करून घेतले तर खोली अधिक नेमकी लावता येईल का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : लावता येईल, परंतु बारीक दाता मुळाशी अरुंद असतो, लवकर मोडतो आणि त्याची खाच मातीने लवकर बुजते. शेतीच्या यंत्राला ते परवडत नाही. त्याऐवजी दाते आहेत तेवढेच ठेवून शेजारी शेजारी दोन खटके बसवावेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा अर्ध्या दात्याने पुढे ठेवावा. दांडा हलवताना एकदा पहिला खटका खाचेत पडतो आणि अर्धा दाता पुढे गेल्यावर दुसरा पडतो. त्यामुळे ६ मिलिमीटरची पायरी ३ मिलिमीटरची होते. एका वेळी भार एकच खटका पेलतो, म्हणून दोन्ही पूर्ण जाडीचे असावेत. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात एकही दाता कमजोर करावा लागत नाही.

प्रश्न : आमचे यंत्र पालघरला खाडीकाठी असते आणि दात्यांना गंज चढतो. भरपूर ग्रीस लावून ठेवावे का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : दांड्याच्या मुळाशी, बुशात, ग्रीस अवश्य भरावे. दात्यांवर मात्र हंगामात जाड ग्रीस नको. धूळ त्यात मिसळली की ते घासकागदासारखे काम करते. पेरणीच्या दिवसांत पातळ तेलाचा हात पुरेसा आहे. हंगाम संपल्यावर कमान रॉकेलने धुऊन, कोरडी करून ग्रीसचा थर द्यावा आणि पुढच्या वर्षी यंत्र बाहेर काढताना तो पुसून टाकावा.