दोन रेघा दिसल्या की लगेच निरोप नको

‘मावशी, लग्नाला चार वर्षं झाली. मला पीसीओडी आहे (बीज वेळेवर तयार होत नाही). डॉक्टरांनी पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत क्लोमिफेन, म्हणजे बीज तयार व्हायची गोळी, दिली. मेडिकलमधून ओव्ह्युलेशन किट (बीज कधी बाहेर पडेल ते सांगणारं) आणलं, तर आठव्या दिवसापासून रोज दोन रेघा! नवरा पुण्यात नोकरीला. त्याला रजा टाकायला लावून बोलावलं. बाराव्या दिवशी सोनोग्राफीत फॉलिकल (बीजाची पिशवी) जेमतेम 14 मिमीचं, फुटलेलं नाहीच. तो चिडून परत गेला. किट खोटं की माझ्यातच काही खोट?’
– एक वाचक, बार्शी

अगं, खोट कशातच नाही. तू घाई केलीस एवढंच. ती पट्टी बीज बघत नाही, लघवीतलं एलएच हे संप्रेरक बघते. ते एकदम वाढलं की साधारण 24 ते 36 तासांत बीज बाहेर पडतं. पण क्लोमिफेनमुळे मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडलंय, आणि तो एफएसएच (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) याच्याबरोबर एलएचही वाढवतो. मग बीज तयार नसतानाही पट्टीवर दोन रेघा येऊ शकतात. म्हणून शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस जाऊ दे. तुझ्या हिशेबाने अकराव्या दिवसापासून तपास. त्यात पीसीओडीत एलएच मुळातच चढं असू शकतं, तेव्हा पट्टी आणि सोनोग्राफी यांचं जमलं नाही तर सोनोग्राफीचं ऐक.

आणि दोन रेघा म्हणजे कशा होत्या? प्रेग्नन्सी टेस्टमध्ये पुसट रेघही चालते, इथे नाही. ‘टी’ची (तपासणीची) रेघ ‘सी’च्या (पट्टी चालते हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. दुपारी तपास, आधी दोन तास पाणी-चहा बेतानं घे. पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच बघ. संध्याकाळी कचऱ्यातून पट्टी काढून ट्यूबलाइटखाली धरायची नाही (बऱ्याच जणी धरतात!). डॉक्टरांनी फॉलिकल फुटण्याचं एचसीजी (प्रेग्नन्सी टेस्ट बघते ते संप्रेरक) इंजेक्शन दिलं, तर किट बाजूलाच ठेव. पट्टीला एचसीजीही एलएचच वाटतं. त्यानंतर दहा-चौदा दिवस प्रेग्नन्सी टेस्टही फसवू शकते.

गोळ्यांच्या दिवसांत डोळ्यांसमोर अंधुक किंवा चमकल्यासारखं दिसलं, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन कर.

नवऱ्याला ‘आजच ये’ असं फर्मान नको. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. फॉलिकल वाढू लागलं की एक दिवसाआड जवळ आलात तरी पुरे. रजा त्या आठवड्यात टाकू दे.

एक मात्र खटकलं. एवढ्या पत्रात त्याच्या वीर्यतपासणीचा शब्द नाही. झाली नसेल, तर पुढच्या महिन्याच्या गोळ्या सुरू करण्याआधी ती करून घ्या. चिडायचं असेल तर रिपोर्ट हातात आल्यावर चिडू दे.