उत्तर: क्रिप्टच्या बुडख्याशी साचलेला गाळ

क्रिप्ट या पाणवनस्पतीच्या बुडख्याशी गाळ साचलाय, तर माशांचा टँक रिकामा करून माती धुऊन काढू का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नको. दोन फुटी टँक, खाली अ‍ॅक्वासॉइल (रोपांसाठीची खतवाली माती), क्रिप्टच्या बुडख्याशी तपकिरी भुसभुशीत थर, मासे मात्र ठणठणीत... माझ्याकडे अगदी हेच होतं. सायकलिंग (नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू देणं) वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

तो थर म्हणजे कुजलेली पानं, विष्ठा, उरलेलं खाणं आणि त्यावर जगणारे जिवाणू. क्रिप्टच्या मुळांना त्यातूनच खत मिळतं. मासे मरतात ते तो एका दमात उपसला की.

माझ्याकडे ही कामगिरी एका दुकानाच्या मेंटेनन्सवाल्याने केली. नाव घेत नाही. मी ऑफिसात, घरी फक्त आई. त्याने सायफनची नळी मातीत तळापर्यंत खुपसून ढवळलं, काळा थर वर आला, घरभर सडक्या अंड्यांचा वास. मग फिल्टरचा स्पंज बेसिनच्या नळाखाली स्वच्छ होईस्तोवर पिळला, जवळजवळ सगळं पाणी बदललं आणि "काकू, आता बघा टँक कसा चकाचक!" म्हणून पैसे घेऊन गेला. संध्याकाळी माझे टेट्रा मासे वर येऊन धापा टाकत होते. सकाळपर्यंत निम्मे गेले. दुकानात फोन केला तर म्हणे तुमच्या पाण्यातच प्रॉब्लेम आहे, बॅक्टेरियाची बाटली आणि एक सकर (काचेला चिकटून राहणारा मासा) घेऊन जा!

पाण्याचा संबंध होता, पण ते म्हणत होते तसा नाही. आपल्याकडे मुंबईत येतं ते भातसा-वैतरणा-तानसाचं, म्हणजे पावसाचं सॉफ्ट पाणी. केएच, म्हणजे पीएच सावरून धरणारे कार्बोनेट क्षार, कमी. गाळातला अमोनिया जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात तेव्हा हा केएच खर्च होतो आणि जुन्या टँकचा पीएच हळूहळू उतरतो. कमी पीएचला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा माशांना फारसा त्रास नाही. पीएच एकाने चढला की विषारी अमोनियाचा हिस्सा जवळजवळ दहापट होतो. त्यात आपलं पाणी २८-३० डिग्री, ऑक्सिजन आधीच कमी. माती ढवळून अमोनिया मोकळा केला, क्लोरीनच्या पाण्याने स्पंजमधले जिवाणू मारले आणि वर नळाचं ताजं, जास्त पीएचचं पाणी ओतलं. एकाच दुपारी तिन्ही.

म्हणून, दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, बस्स. एअर पंपाची बारीक नळी घेऊन मातीच्या बोटभर वर फिरवा, सुटा गाळ आपोआप ओढला जातो. रोपांच्या मधे मेडिकलमधली मोठी सिरिंज वापरा, सुई न लावता. पिवळी पानं कुजण्याआधी कापा. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. गाळ नेहमी एकाच कोपऱ्यात जमत असेल तर फिल्टरचं तोंड तिकडे वळवून बघा. आणि खाणं निम्मं करा. माझ्या मते निम्मा गाळ आपणच वरून टाकतो.

सकर घेऊ नका हो! तो गाळ खात नाही, भरपूर हगून वाढवतो आणि फूटभर होतो. मग लोक तो पवई तलावात नेऊन सोडतात. त्यापेक्षा चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) आणि मलेशियन गोगलगायी बऱ्या. गोगलगायी माती हलकेच हलवत राहतात. फार झाल्या तर समजा खाणं जास्त पडतंय.

मी तज्ज्ञ नाही. माझा टँक सीओटूशिवायचा (रोपांसाठी वेगळा कार्बन डायऑक्साइड सोडत नाही), मासे कमी. डिस्कस मासे पाळणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी माझं ऐकू नये. सोसायटीची टाकी धुतल्याची नोटीस लागली की दोन दिवस पाणी बदलू नका. गंज, माती, क्लोरीन सगळंच त्यात येतं. तुमच्या टँकचा आणि नळाचा पीएच मोजून कळवा. फरक मोठा असेल तर पाव टँकसुद्धा एकदम नको, रोज एकेक बादली बदला.