शेजारी मारहाण होते, आपण मध्ये पडावं का?

समुपदेशनाला येणारी माणसं बहुतेक वेळा स्वतःच्या घरातलं दुखणं घेऊन येतात. हे गृहस्थ शेजारच्या घरातलं घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रात्री भिंतीपलीकडून आरडाओरडा, काहीतरी आपटल्याचा आवाज, मग तिचं रडणं. "मॅडम, मध्ये पडलो तर तो राग तिच्यावरच काढेल. शिवाय मी पुरुष. मी तिची बाजू घेतली की तिच्यावर संशय घ्यायला त्याला आयतंच कारण. आणि नाही पडलो, उद्या काही बरंवाईट झालं, तर?"

त्यांची भीती खोटी नव्हती. एकट्याने तावातावाने जाऊन जाब विचारला, तर दार बंद झाल्यावर त्याची फेड तिलाच करावी लागते. म्हणून मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या: एकटे जाऊ नका, आणि तिला न विचारता काही ठरवू नका. याला अपवाद जीवावर बेतण्याचा. गळा दाबणं, हत्याराचा धाक, मदतीसाठी हाका असं काही असेल तर विचारत बसायचं नाही, थेट पोलिसांना फोन करायचा. गळा दाबण्याकडे लोक 'झटापट' म्हणून बघतात, पण पुढे खून होण्याचा धोका त्याने कितीतरी वाढतो.

पुढचं काम त्यांच्या पत्नीने केलं. शेजारणीचा नवरा घरी नसताना तिला गाठून त्या म्हणाल्या, "रात्री आवाज आला, मला काळजी वाटली. तू सांगशील तेवढंच आम्ही करू." ती म्हणाली, "पडले हो, ताई." यांनी खोदून विचारलं नाही. फार बरं केलं. पुरावा मागितल्यासारखे प्रश्न आले की बाई मिटून जाते. काही आठवड्यांनी तीच आपली कागदपत्रं यांच्याकडे ठेवायला घेऊन आली. मग दोघींनी एक खूण ठरवली. तिचा फोन तो तपासत असे, म्हणून मेसेज नाही. मुलाने येऊन एक ठरावीक वस्तू मागायची, की यांनी पोलिसांना कळवायचं.

मधल्या काळात इमारतीतल्या ज्येष्ठांनी तोडगा काढला: दोघांना समोरासमोर बसवू, समजूत घालू. मी याला स्पष्ट विरोध केला. ज्याची भीती वाटते त्याच्या शेजारी बसून कोण खरं बोलेल? आणि बोललीच, तर घरी गेल्यावर काय? अशा बैठकीतून समाधान फक्त बसवणाऱ्यांना मिळतं.

त्याऐवजी मी बेलची युक्ती सुचवली. ती माझी नाही; भारतात 2008 साली सुरू झालेल्या 'बेल बजाओ' मोहिमेने ती घराघरांत पोचवली. आवाज आला की बेल वाजवायची आणि काहीतरी किरकोळ विचारायचं. मी त्यात भर घातली: दोघांनी मिळून जायचं, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, तिचं नाव काढायचं नाही. तेवढ्यात हात थांबतो, आणि बाहेर ऐकू जातंय हे त्याला कळतं. मजल्यावरच्या तीन घरांनी हे आपसांत वाटून घेतलं, त्यामुळे रोष एकावर आला नाही.

हे झालं पेटल्यावर पाणी टाकणं. पेटूच नये यासाठी काय? युगांडातल्या कंपाला शहरात 'सासा!' नावाचा उपक्रम वस्तीतल्याच स्त्री-पुरुषांनी चालवला. घरात सत्ता कुणाच्या हातात असते आणि ती कशी वापरली जाते, यावर ते ओळखीपाळखीत बोलत राहिले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की अशा वस्त्यांमध्ये जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा इतर वस्त्यांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होती. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की बोलणारे बाहेरून आलेले तज्ज्ञ नव्हते.

गृहस्थांना मी विचारलं, इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायकांना 'वठणीवर आणण्याचे' विनोद येतात का? ते ओशाळले. काही त्यांनीच पुढे पाठवलेले. ते त्यांनी बंद केलं, आणि एकदा दुसऱ्याने टाकलेल्यावर 'यात हसण्यासारखं काय?' एवढंच लिहिलं. मारणारा माणूसही त्याच ग्रुपवर होता. त्याच्याशी थेट बोलण्याचं काम मात्र तो ज्याला मानतो अशा, त्याच्या नोकरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने केलं, तेही तिची संमती घेऊनच.

आता आवाज कमी झालेत, असं ते सांगतात. मी त्यावर फार विसंबत नाही. आवाज न करताही माणूस धमकावता येतो. ती अजून त्याच घरात आहे, मात्र एका समुपदेशकाशी बोलू लागली आहे. "मग ती निघून का जात नाही?" असं गृहस्थांनी परवा थोडं वैतागूनच विचारलं. मी त्यांना सांगितलं, की घर सोडण्याचा आणि त्यानंतरचा काही काळ सर्वांत धोक्याचा असतो. तेव्हा ती कधी निघणार, कुठे जाणार, हे तिने आपणहून सांगितलं तरी घरातसुद्धा त्याची चर्चा नको, आणि तोवर कागदपत्रं तुमच्याच कपाटात राहू देत.