समाजकार्य संशोधन शिकवणारे प्राध्यापक नेमके कोणत्या वाटेने येतात?

थेट पीएचडी करावी की आधी प्रत्यक्ष काम, असं तुम्ही विचारलंय. नेहमीची वाट म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर पदवी, काही वर्षं काम, मग पीएचडी आणि अध्यापन. मधली वर्षं गाळू नका, असं माझं मत. ‘घरात उत्पन्न किती?’ या साध्या प्रश्नाला पहिल्या भेटीत एक उत्तर मिळतं आणि चौथ्या भेटीत वेगळंच, हे ज्याने घरभेटी केल्यात त्याला कळतं. मुलाखततंत्र शिकवताना हीच शिदोरी कामी येते. बरेच जण आधी विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याचं मार्गदर्शन करतात आणि तिथूनच वर्गात पोहोचतात. संख्याशास्त्राची धास्ती मात्र लवकर घालवा, पुढे वेळ मिळत नाही.

अमेरिकेत समाजकार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या मेरी रिचमंड यांच्याकडे तर महाविद्यालयाची पदवीही नव्हती! १८८९ मध्ये त्या बाल्टिमोरच्या एका धर्मादाय संस्थेत सहायक खजिनदार म्हणून लागल्या. पुढे न्यूयॉर्कमध्ये शिकवू लागल्या आणि गरजू कुटुंबाची माहिती पद्धतशीरपणे कशी गोळा करायची, कशी पारखायची, यावर १९१७ मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. आज पदवीशिवाय मुलाखतीलाही कोणी बोलावणार नाही, ते वेगळं.