मोबाइलभर पसरलेल्या रेसिपी एका जागी कशा लावाव्यात?

तुम्ही लिहिलंय की व्हॉट्सअ‍ॅप, स्क्रीनशॉट, यूट्यूब आणि आईच्या वहीचे फोटो मिळून चारेकशे रेसिपी जमल्यात आणि ऐन वेळी एकही सापडत नाही, तर कोणतं अ‍ॅप घ्यावं? अ‍ॅपचं सांगतो, पण त्याआधी एक विचारतो. त्या चारशेपैकी तुम्ही स्वतः केल्यात किती?

मी भुसावळचा. रेल्वेची नोकरी, वेळीअवेळी ड्युटी, त्यामुळे स्वयंपाक शिकावाच लागला. एका सुट्टीत बसून मोजल्या तर साठवलेल्या निघाल्या ३१७ आणि केलेल्या २९. बाकीच्या नुसत्या बघून जीभ चाळवलेल्या. तेव्हापासून माझे दोनच ढीग आहेत, ‘केलेलं’ आणि ‘बघू’. ‘बघू’मध्ये काहीही कसंही पडू दे, ते लावत बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आता स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, ती खिडकी या ढिगाला पुरते. एखादा पदार्थ करून जमला, की मगच तो ‘केलेलं’मध्ये येतो, आणि तोही आपल्या हातानं लिहून. लिंक टाकून मोकळं व्हायचं नाही. व्हिडिओ उद्या काढून टाकला तर आपल्याकडे नुसता पत्ता उरतो.

आता अ‍ॅप. इंग्रजी रेसिपीच्या साइटवरून मजकूर ओढून घेणारी पॅप्रिकासारखी अ‍ॅप चांगली आहेत, पण आपला माल तिथून येत नाही. तो येतो फुईकडून. (फुई म्हणजे आत्या, खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो.) मी गूगल कीप हे नोंदी ठेवायचं अ‍ॅप वापरतो, कारण फुकट आहे आणि देवनागरीत शोधता येतं. तुम्ही दुसरं घ्या, फक्त त्यातून सगळा मजकूर साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का ते आधी बघा. एव्हरनोट या नोंदींच्या अ‍ॅपवाल्यांचं एव्हरनोट फूड नावाचं खास जेवणाचं अ‍ॅप होतं, ते २०१५ साली बंद झालं. एव्हरनोटनंच २०२३च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना ५० नोंदींची मर्यादा घातली. दुकान कधीही बंद होईल, असं धरूनच सामान ठेवायचं.

खरं काम मापाचं आहे. आमच्या फुईला कळण्याच्या भाकरीचं प्रमाण विचारलं, तर ती म्हणाली, “माप काय लिखस, हातले समजस.” आता तिच्या हाताला समजतं, माझ्या कुठे? मग तराजू घेऊन गेलो. ती सुपात घ्यायची, मी मध्येच काढून वजन करायचो, ती चिडायची. शेवटी निघालं ते असं: १ किलो ज्वारीला पाव किलो अख्खे उडीद आणि दळायला देतानाच मीठ. तिची मूठ शेंगदाण्याची ४० ग्रॅम भरली, माझी ५५. म्हणजे ‘दोन मुठी दाणे’ असं वहीत असेल, तर मूठ कोणाची तेही लिहायला हवं. पळी, वाटी, चहाचा कप यांचंही तसंच. आईच्या वहीत जी वाटी आहे ती अजून घरात असेल, तर आजच तिच्यात पाणी भरून मोजून ठेवा. ती वाटी हरवली की अख्खी वही मुकी होते.

फुई बोलत असताना फोनवर आवाजही रेकॉर्ड केला. ‘मसाला काळपट होईस्तोवर भाज’ हे लिहून कळत नाही, पण ती “अजून नाही… अजून नाही… हां, आता” म्हणते ते ऐकून कळतं. ती फाइल नोंदीच्या नावानंच साठवली आहे.

बोलून टाइप करायची सोय मराठीत बरी चालते, फक्त आपले पदार्थ तिला ठाऊक नसतात. माझ्या ‘फुनके’चं तिनं ‘फोन के’ केलं होतं. तेव्हा एकदा वाचून दुरुस्त करा. छापील मजकुराचा फोटो गूगल लेन्स ठीक वाचतं. आईचं वळणदार अक्षर मात्र हातानंच उतरवावं लागेल. आणि कोणी जुन्या डीटीपी फॉण्टमधली फाइल दिली असेल, तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर टाइप होते त्या देवनागरीत, बदलून घ्या. दिसायला मराठी दिसली तरी शोधताना हाती काही लागत नाही.

शोधण्याची आणखी एक गंमत. मी ‘शेवभाजी’ असं जोडून लिहितो, बायको ‘शेव भाजी’ शोधते, तिला सापडत नाही आणि बोलणी मी खातो. म्हणून प्रत्येक नोंदीच्या तळाला एक ओळ असते, पदार्थाच्या सगळ्या नावांची: फुनके, फुणके, तुरीच्या दाळीचे मुटके. ‘दाळ’ आणि ‘डाळ’ दोन्ही. भरीत आणि भरित दोन्ही. एवढ्या एका ओळीनं निम्मी शोधाशोध संपली.

लेबलं ‘भाजी, गोड, नाश्ता’ अशी लावून पाहिली, काही उपयोग झाला नाही. गोड खावंसं वाटलं म्हणून कोण फोन उघडतो? आपण प्रसंग बघून शोधतो. माझी लेबलं अशी: ‘आखाजी’ (म्हणजे अक्षय्य तृतीया), ‘कानबाई’ (श्रावणातला आमचा खान्देशी सण), ‘उन्हाळी काम’ (वर्षाचा मसाला, बिबडे, पापड), ‘हिवाळा’ (भरीत, दुसरं काय), ‘पाहुणे पंधरा’ आणि सगळ्यात जास्त उघडलं जाणारं ‘रात्रपाळी’. त्यात खिचडी आणि वरून घ्यायचं लसणाच्या फोडणीचं तेल, एवढंच आहे म्हटलं तरी चालेल.

नोंदीत कृतीखाली तारखा टाकत जा. माझ्या भरिताच्या नोंदीत आहे: “१४ डिसेंबर, गॅसवर भाजलं, वास नाही. ३ जानेवारी, शेतावर काट्याकुट्यांवर भाजलं, झकास, पण मिरच्या निम्म्या करणे.” जळगावची हिरवी, पांढरट पट्ट्यांची भरिताची वांगी मिळाली नाहीत तर काय घेतलं, तेही. पुढच्या वेळी मूळ कृतीपेक्षा मी याच ओळी आधी वाचतो.

जपून ठेवण्याबद्दल थोडक्यात: गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे, आणि त्यात मेल, फोटो सगळंच येतं, तेव्हा व्हिडिओ तिथे कोंबू नका. वर्षातून एकदा, मी आखाजीच्या आसपास करतो, टेकआउटमधून (आपला सगळा मजकूर बाहेर काढायची गूगलचीच सोय) सगळं उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. माझा एक फोन पाण्यात पडून मेला, तेव्हा वर्षाच्या मसाल्याचं प्रमाण त्याच्याबरोबर गेलं आणि फुईकडे पुन्हा तराजू घेऊन जावं लागलं. ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुरुवात चारशेपासून करू नका. महिनाभरात जे पाच-सहा पदार्थ घरात होतातच, तेवढे आधी लिहून काढा. आणि आईच्या वहीचे फोटो पुन्हा काढा: सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, एका फोटोत एकच पान. तेल लागलेल्या पानावर फ्लॅश पडला की नेमका मिठाचा आकडा चमकून जातो.