हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के आहे, मग तेवढ्याने पृथ्वी कशी काय तापते?

हा प्रश्न वाचून मला वाटलं आमच्या दाजींनीच दुसऱ्या नावाने टाकलाय. शब्दन् शब्द तोच. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

टक्के कमी म्हणून परिणाम कमी, हे लॉजिकच मला पटत नाही. कपडे धुताना बादलीभर पाण्यात नीळ किती टाकता? चार थेंब. मग सगळी बादली निळी का होते? हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन आहे ते खरं, पण जमिनीवरून वर जाणारी उष्णता, म्हणजे इन्फ्रारेड, त्यांच्यातून आरपार जाते, त्यांना तिच्याशी काही देणंघेणं नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तीन अणूंचा, तो वाकतो, थरथरतो, १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचे किरण शोषतो आणि सगळ्या दिशांना परत सोडतो, खालीसुद्धा, आणि जमीन नेमकी त्याच पट्ट्यात भरपूर उष्णता सोडत असते. म्हणजे ९९ टक्के मंडळी या कामाचीच नाहीत, त्यांच्याशी टक्केवारी काढून काय मिळणार? आणि तो ०.०४ पण पूर्वी ०.०२८ होता, कोळसा-तेल जाळायला लागायच्या आधी. दीडपट झाला की तो.

आता दाजी. त्यांचा ट्रकांचा धंदा आहे, माणूस हुशार, हिशोबाला पक्का. भावाच्या साखरपुड्याला सांगलीला सगळे जमलो होतो, पंगतीला वेळ होता, कोणीतरी उन्हाळ्याचा विषय काढला आणि मी बोलून गेले की एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. झालं. दाजी म्हणाले, "मॅडम, लिटरभर डिझेल साडेआठशे ग्रॅमसुद्धा भरत नाही, मी रोज घेतो, त्यातनं अडीच किलो काय निघणार? वरचं काय तुम्ही घातलं?" सगळा मांडव हसला. आमचे हे पण हसले, ते मी विसरलेले नाही.

वास्तविक प्रश्न चांगला होता. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, माझ्या वर्गात कोणी हे विचारलं असतं तर मी खूश झाले असते. उत्तर सोपं आहे, वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. कार्बनचा अणू १२, त्याला चिकटणारे दोन ऑक्सिजन मिळून ३२, एकूण ४४, म्हणजे एक किलो कार्बन जळला की ३.६७ किलो वायू. लिटरभर डिझेलमध्ये कार्बन सातशे ग्रॅमच्या वर असतो, करा गुणाकार, २.६ किलो येतात. मी पत्रिकेच्या मागे हे लिहून दाखवलं तर म्हणाले हवेला कसलं आलंय वजन. ट्रकच्या टायरमध्ये रोज हवा भरणारा माणूस! मी पुढे काही बोलणार तेवढ्यात पानं वाढली म्हणून हाक आली आणि आत्याबाई म्हणाल्या, जाऊ दे गं, जावयाशी वाद घालू नये. जावई म्हणजे काय सुप्रीम कोर्ट आहे का?

जाता जाता वर हेही म्हणाले की ग्लोबल वॉर्मिंग हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं फॅड आहे. युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडवालं सगळ्यात जास्त तापलं हे मांडलं १८५६ साली. लोकमान्यांचा जन्म त्या सालातला. १८९६ ला स्वीडनच्या अऱ्हेनियसने हा वायू दुप्पट झाला तर किती तापेल याचा हिशोब हाताने केला. फॅड म्हणे.

तुमच्या ओळखीत कोणी असा असेल तर त्याच्याशी टक्केवारीवर भांडू नका, एकच विचारा. सूर्यच जास्त तापला म्हणून पृथ्वी तापतेय असं असेल तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापायला पाहिजे ना? प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्ट्रॅटोस्फियर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच होणार हे मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ लाच गणिताने दाखवलं होतं, मनाबेंना २०२१ ला नोबेल पण मिळालं. मी हे दाजींना व्हॉट्सॲपवर विचारलंय. निळ्या टिका आल्या, उत्तराऐवजी सुप्रभातचा गुलाब आला.

हां, पाण्याची वाफ याच्यापेक्षा जास्त उष्णता अडवते हे खरं आहे, ते नाकारायचं नाही. पण वाफ आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते आणि हवा गरम झाली की आपोआप वाढते, म्हणजे सुरुवात ती करत नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला म्हणून तापमान दुप्पट असंही नसतं, प्रत्येक नव्या भरीचा परिणाम आधीच्यापेक्षा थोडा कमी होत जातो, संपत मात्र नाही. आणि तुमच्या गल्लीतलं मे महिन्यातलं ऊन सगळं याच्याच नावावर टाकू नका, झाडं तोडून काँक्रीट ओतलंय त्याचा हिशोब वेगळा आहे. हे शेवटचं दाजी वाचणार असतील तर त्यांनी एवढंच उचलू नये, वरचा ४४ चा हिशोब आधी करून दाखवावा.